क्रेनवरचा सुपडू बोरसे आणि चार दिशांची सुरत

सुपडू बळीराम बोरसे सुरतेतच जन्मला, पण गल्लीबोळांत तो अजूनही चुकायचा. रिक्षावाल्याला पत्ता सांगायची वेळ आली की शोभाबाई, त्याची बायको, मध्ये पडून सांगायची. शहर त्याला ठाऊक होतं ते वरून. बारा वर्षं तो टॉवर क्रेन चालवत होता आणि त्या काचेच्या खोक्यात बसून सुरत वाढताना बघत होता.

त्याचे वडील बळीराम पारोळ्याकडून लूम चालवायला आले आणि लिंबायतच्या एका खोलीत राहिले. सुपडू एकोणिसाव्या वर्षी पांडेसऱ्याच्या एका कापड रंगवणाऱ्या डाईंग मिलमध्ये बॉयलरवर लागला. सहा वर्षं त्याने कोळसा टाकला, वाफेचा काटा सांभाळला आणि दर अर्ध्या तासाने बाहेर येऊन चिमणीकडे बघितलं. धूर काळा की करडा, सरळ चढतोय की लोळतोय, हे बघून आत हवा किती सोडायची ते तो ठरवायचा. मुकादमाला त्याने कधी विचारलं नाही.

मग ती मिल बंद पडली. साडू गोपाल मोटा वराछाच्या एका साइटवर होता, त्याने सुपडूला तिथे नेलं. पहिलं वर्ष सुपडूने खाली उभं राहून क्रेनला हातवारे केले. वरचा ऑपरेटर गावी गेला की साहेबांच्या परवानगीने वर चढून शिकला, परीक्षा दिली, आणि मग कायमचा क्रेनवरच बसला. उंचीची भीती वाटते का, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, बॉयलरच्या तोंडाशी उभं राहिलेल्याला वर गार वाटतं.

साइट बदलत गेल्या आणि सुरतेचे वेगवेगळे भाग त्याच्यासमोर उभे राहिले. मोटा वराछात टॉवर इतके दाटीने उठले होते की जणू कापडाचे ताके उभे करून ठेवलेत. वेसूच्या इमारती कंगव्याच्या दातांसारख्या एका उंचीच्या. विमानतळ जवळ, त्यामुळे कुणाला मान फार वर काढता येत नव्हती. नदीपलीकडे अडाजण आणि पाल तापीच्या कडेने पंगतीला बसल्यासारखे. रिंगरोडची कापड मार्केटं बुटकी, रुंद, पार्सलं रचल्यासारखी. आणि पूर्वेला लिंबायतची सपाट छतं, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या साड्या. त्यांच्या अलीकडे पांडेसऱ्याच्या चिमण्या.

आता तो अलथाणला होता. एका बाजूला वेसू, दुसऱ्या बाजूला पांडेसरा, आणि मध्ये त्याची बावीस मजल्यांची इमारत, जी एकोणिसाव्यापर्यंत आली होती.

साइट इंजिनियर आदित्य वर्तक अडाजणचा. वडील बँकेत होते, पोरगा हुशार, बोलायला गोड. इमारतीच्या जाहिरातीचं कामही बिल्डरने त्याच्याच गळ्यात घातलं होतं. एकदा चहाच्या वेळी त्याने मोबाइलवर चित्र दाखवलं. पश्चिमेच्या फ्लॅटमधून वेसूचे दिवे दिसतील, उत्तरेकडून पालचे टॉवर आणि नदीवरचे पूल. पूर्वेच्या बाजूला त्याने काहीच लिहिलं नव्हतं. तिकडे फक्त पाइपांची डक्ट आणि जिना.

सुपडूने विचारलं, तिकडे काय झालं?

"तिकडे बघण्यासारखं काय आहे, सुपडूकाका?" आदित्य म्हणाला. त्यात कुत्सितपणा नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की तिकडे काही नाही.

सुपडू हसला आणि चहा संपवून शिडीला लागला. वाद घालायची त्याला गरज वाटली नाही. वर चढायला त्याला तेरा मिनिटं लागायची.

मे महिना संपत आला होता. त्या दिवशी दुपारी भिंतीचं काँक्रीट ओतायचा एक पोलादी साचा एकोणिसाव्या मजल्यावर न्यायचा होता. खोलीच्या अख्ख्या भिंतीएवढा साचा. वजन क्रेनला काहीच नाही, पण वारा धरायला शिडासारखा. वर अकरा कामगार कडेला उभे राहून वाट बघत होते. खाली माल बांधणाऱ्या मारुतीने साखळ्या अडकवल्या, हात वर केला, आणि सुपडूने साचा उचलला.

साचा दहाव्या मजल्यापाशी आला तेव्हा सुपडूची नजर सवयीने पूर्वेकडे गेली.

मे महिन्यात पांडेसऱ्याचा धूर उधण्याकडे, म्हणजे अलथाणपासून लांब, झुकलेला असतो. समुद्राकडून वारा येतो आणि दुपारभर तो त्याच दिशेला वाकलेला राहतो. त्या क्षणी सगळ्या चिमण्यांचा धूर सरळ उभा होता. मग सगळ्यात दूरच्या चिमणीचा धूर खाली दबला आणि उलटा, अलथाणकडे, वळला. पाठोपाठ दुसऱ्या चिमणीचा. त्यांच्यामागे, पूर्वेला लांब, चलथाण गावाच्या बाजूचं आभाळ मातकट झालं होतं.

केबिनमधलं वारा मोजायचं यंत्र मात्र शांत होतं. वेसूच्या अर्धवट इमारतींवरची हिरवी जाळीसुद्धा हलत नव्हती. ऊन स्वच्छ होतं.

सुपडूने साचा थांबवला आणि वॉकीटॉकी उचलला. माल खाली घेतोय, वरच्या माणसांना जिन्यात घ्या, असं त्याने सांगितलं. आदित्य एकोणिसाव्या मजल्यावरच होता. त्याने कारण विचारलं. वारा येतोय, सुपडू म्हणाला. आदित्यने स्वतःजवळचा वारा मोजायचा काटा बघितला, आभाळ बघितलं, आणि काँक्रीटच्या गाड्या चार वाजता येताहेत याची आठवण करून दिली. आता साचा बसला नाही तर आजचा दिवस गेला.

"साहेब, दिवस जाऊ द्या," सुपडू म्हणाला. "तीन मिनिटं आहेत. माणसं जिन्यात घ्या, मग मला काय बोलायचं ते बोला."

आवाज चढला नव्हता. आदित्यने नंतर सांगितलं की तो आवाज ऐकूनच त्याने पुढे विचारलं नाही. त्याने माणसांना हाक मारली.

सुपडूने साचा इमारतीपासून लांब फिरवला आणि मोकळ्या आवारात उतरवायला घेतला. घाई केली तर साचा झोके घेणार आणि सावकाश घेतलं तर वेळ संपणार. त्याने डोळे साच्यावर ठेवले, पूर्वेकडे पुन्हा बघितलंच नाही. जे बघायचं ते बघून झालं होतं. साचा जमिनीला टेकला, आडवा झाला, मारुतीने साखळ्या सोडल्या आणि तो गोडाऊनकडे पळाला. सुपडूने हूक वर घेतला आणि क्रेनच्या हाताचा ब्रेक सोडून दिला, म्हणजे वारा नेईल तिकडे हात मोकळा फिरेल. खाली उतरायला आता वेळ नव्हता.

तेवढ्यात वारा आला. आधी धूळ, मग आवाज. साठ मीटर लांबीचा तो लोखंडी हात कुणी ढकलावा तसा गर्रकन फिरला आणि तोंड वेसूकडे करून थरथरत राहिला. केबिन हलत होती. इमारतीची हिरवी जाळी फाटून पतंगासारखी उडाली, एकोणिसाव्यावरच्या प्लायच्या फळ्या कडेवरून खाली गेल्या, जिथे काही मिनिटांपूर्वी माणसं उभी होती तिथून. सुपडूने सीटचा पट्टा घट्ट केला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला. क्रेन बरोबर सोडली होती, ती तुटणार नाही हे त्याला माहीत होतं. हे स्वतःला चार-पाच वेळा सांगावं लागलं, इतकंच.

वीस मिनिटांनी सगळं निवलं. चार थेंबही पडले नाहीत. एकालाही खरचटलं नव्हतं.

संध्याकाळी घरी बातमी त्याच्या आधी पोचली होती. शोभाबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि अहिराणीत विचारलं, "तुम्ही घाबरनात का?"

"तवय नही," सुपडू म्हणाला. "खाले उतरनू तवय शिडीपाशीच बसी गऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी आदित्य क्रेनच्या शिडीपाशी उभा होता. त्याला वर यायचं होतं. तो शिडी चढला, तीनदा थांबला, घामाघूम होऊन केबिनच्या दाराशी पोचला आणि त्याने कठडा घट्ट धरला. मग म्हणाला, काल काय बघितलंत ते मला दाखवा.

सुपडूने त्याला एकेक चिमणी दाखवली. कुठली कोळशावर चालते, कुठली गॅसवर गेली म्हणून तिचा धूर आता दिसतच नाही. वेसूच्या इमारती वारा अंगावर घेतात, पण सांगत नाहीत. पालच्या बाजूला नदीमुळे वारा वळतो, त्यावर विसंबायचं नाही. मोटा वराछाचे टॉवर उंच, पण इतके दूर की त्यांच्यावरची जाळी इथून ओळखू येत नाही. हे सांगताना त्याने पश्चिमेला किंवा उत्तरेला कमी लेखलं नाही. त्यातल्या कितीतरी इमारतींचं लोखंड त्यानेच वर चढवलं होतं.

आदित्यने विचारलं, मग जाहिरातीत पूर्वेच्या बाजूला काय लिहू?

"लिहू नका काही," सुपडू म्हणाला. "जिन्याला खिडकी तेवढी ठेवा."

आदित्यने खरंच बिल्डरकडे शब्द टाकला. बिल्डरने नकाशा मंजूर झालाय म्हणून हात झटकले, आणि ते खरंही होतं. जाहिरात होती तशीच छापली गेली. साइटवर मात्र एक गोष्ट बदलली. सकाळच्या सूचनांच्या फळ्यावर वाऱ्याच्या आकड्याखाली आणखी एक ओळ आली, पांडेसऱ्याचा धूर कुठल्या दिशेला. ती ओळ रोज सुपडू भरायचा, आणि तो रजेवर असेल तर आदित्य.

दिवाळीआधी अलथाणची इमारत पूर्ण झाली, क्रेन उतरवली गेली आणि सुपडूला पालच्या नव्या साइटवर पाठवलं. तिथून पांडेसरा नुसता एक करडा पट्टा दिसत होता, त्याचा काही उपयोग नव्हता. दोन दिवस तो जेवणाच्या सुट्टीत तापीच्या काठी जाऊन बसला. तिथे जाळं टाकणारा एक म्हातारा मासेमार होता. त्याला सुपडूने आपल्या मोडक्या गुजरातीत विचारलं, वारा फिरणार हे तुम्ही कशावरून ओळखता. म्हाताऱ्याने पुलाच्या पलीकडचं पाणी दाखवलं. वारा पोचायच्या आधी तिथल्या पाण्यावर काळपट सुरकुती उठते, तो म्हणाला, आणि ती चालत येते.

तिसऱ्या दिवशी सुपडू वर चढला, सीट थोडी डावीकडे वळवून घेतली, म्हणजे नदी समोर येईल, आणि पहिला माल उचलायला खाली इशारा केला.