शटरवरचा चंद्र

आमच्या गल्लीतला चावीवाला म्हणजे कुलपांचा नव्हे, पाण्याचा. छातीएवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून पहाटे पाचला निघायचं, रस्त्यातली झाकणं उचलायची आणि वस्तीवस्तीचं पाणी सोडायचं, हे त्याचं तीस वर्षांचं काम. वय बावन्न, लग्नाचा पत्ता नाही. संध्याकाळी मुली दाखवायला न्यावं तर हा आठाच्या आत पेंगायला लागायचा, असं त्याची वहिनी सांगते.

असा हा माणूस गेल्या वर्षात चष्म्याच्या दुकानात चौदा वेळा गेला. डोळे ठणठणीत. पण दुकानातल्या बाई अक्षरं वाचून घेताना गालात हसायच्या, म्हणून हा शेवटची ओळ मुद्दाम चुकायचा. मी काही वाकडं बोलत नाही हं. बोलत होती ती गल्ली, मी नुसता कान देऊन होतो.

शेवटी बाईंनीच विषय काढला. "भाऊ त्याच्या गावी मला दुकान थाटून देतोय. रविवारी त्याला हो की नाही ते कळवायचंय. शनिवारी संध्याकाळी मला बाजारातल्या त्या झकपक गल्लीत फिरवून आणा. काही बोलायचं असेल तर तेव्हाच बोला."

झालं. स्वारी हवेत. त्या गल्लीचं पाणी हाच सोडतो, तेव्हा रस्ता पाठच. तरी चार दिवस पहाटे कामावरून येताना पावलं मोजून त्याने फेरीचा बेत कागदावर उतरवला. कागद वहिनीच्या हाती पडला आणि तिने तो जिन्यात उभं राहून मोठ्याने वाचला.

"गुलाबी हत्ती, डावीकडे वळणे. दोन मासे, हवेच्या गप्पा. मांजर, त्यांच्या साडीची तारीफ. मोठा चंद्र, इथे विचारणे. भावजी, फिरायला निघालात की सर्कशीला?"

"दुकानांच्या शटरवरची चित्रं आहेत, वहिनी. खुणेला बरी."

"आणि विचारून झाल्यावर?"

"कागद तिथेच संपला."

शनिवारी संध्याकाळी सहाला कडक इस्त्रीत स्वारी बाईंना घेऊन गल्लीच्या तोंडाशी आली आणि थिजली. हत्ती नाही, मासे नाहीत, मांजर नाही. दुकानं उघडी, म्हणजे शटरं वर गुंडाळलेली. तीस वर्षांत या बहाद्दराने ती गल्ली उघडी पाहिलीच नव्हती. सगळीकडे दिवे, खुर्च्या, कॉफीचे कप, माणसंच माणसं. हा वळला उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे.

"अहो," बाई म्हणाल्या, "या कुंड्यांना मी तिसऱ्यांदा भेटतेय."

त्याने खिशातून कागद काढून दिला. बाईंनी वाचला, आणि इतक्या हसल्या की दिव्याचा खांब धरावा लागला. मग डोळे पुसत म्हणाल्या, "चंद्रापाशी काय विचारायचं होतं?"

"ते चंद्रापाशीच जमेल."

"चंद्र कुठल्या दुकानाचा?"

याने खाली पाहिलं. रस्त्यातलं एक गोल झाकण बुटाने चाचपलं, तिथून अकरा पावलं मोजली आणि एका चपलाबुटांच्या दुकानासमोर उभा राहिला. बाई तडक आत. मालकाला म्हणाल्या, "दोन मिनिटं शटर खाली ओढता का?"

"बाई, आत गिऱ्हाईक आहे."

"असू द्या. यांना मला काहीतरी विचारायचंय."

मालकाने चावीवाल्याला ओळखलं. "उद्यापासून पाणी अर्धा तास जास्त सोडाल?"

"दहा मिनिटं," हा म्हणाला. अशा वेळीही खात्याशी इमान.

खडखडत शटर खाली आलं. पिवळाधम्मक चंद्र, हातभर रुंद हसणारा. त्याच्यासमोर उभं राहून याने एका दमात विचारलं. काय शब्द वापरले ते मला माहीत आहेत, पण सगळंच सांगायचं नसतं.

बाईंनी पर्समधून फोन काढला. "दादा, ते दुकान दुसऱ्या कुणाला दे. हो, कारण आहे. बावन्न वर्षांचं आहे. समोरच उभं आहे, घामाघूम."

तेवढ्यात शटरच्या आतून आवाज आला, "शुभेच्छा, पण आता उघडा हो. माझा एक पाय बुटात आहे आणि एक मोज्यात."

तो आमचा जावई. नाहीतर एवढं सगळं मला कुठून कळायला.