धरलेली जागा

बाबा गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी आईला शहापूरहून दोन दिवस मुंबईला नेलं. घरात ती नुसती भिंतीकडे बघत बसायची, ते मला बघवेना. सकाळी म्युझियम दाखवलं. प्रत्येक मूर्तीपुढे तिने चपला काढून हात जोडले, बाकी कशाकडे मान वर करून बघितलं नाही. माझी चिडचिड झाली. एवढी खटपट मी कुणासाठी करत होतो?

संध्याकाळी नाटक होतं. आमच्या गावात जत्रेतल्या नाटकाला बायका आधी जाऊन गोणपाट अंथरतात आणि घरच्यांची जागा धरतात. बाबा गुरं बांधून, जेवून, पहिला अंक संपता संपता यायचे. त्यांची जागा आईने कधी कुणाला घेऊ दिली नाही.

थिएटरात खुर्चीवर टेकताच तिने पिशवीतून टॉवेल काढला आणि शेजारच्या खुर्चीवर नीट पसरला.

"आई, इथं नंबर असतात गो. जागा धरायची नाय."

तिने ऐकलंच नाही. तिसऱ्या घंटेला एक गृहस्थ तिकीट बघत आले आणि टॉवेल पाहून थबकले. आईने त्यांच्याकडे पाहिलं. मग टॉवेल उचलून मांडीवर घेतला.

"बसा दादा," ती म्हणाली. "आता नाय येत कोन."