देवीभाईंचा रस्ता

देवीभाई रिकाम्या रस्त्यावर घंटा वाजवत जात. कामशेतचं रेल्वे फाटक ओलांडून पवन मावळाकडे वळलं की त्या काळात कोसभर माणूस दिसत नसे. मोटार महिन्यातून एखादी यायची, तीही कुणा साहेबाची. बाजाराचा दिवस सोडला तर बैलगाड्याही नसत. दोन्ही बाजूंना भातखाचरं, मधूनच एखादं करंजाचं झाड, समोर तिकोन्याचा सुळका, आणि आमच्या दोन सायकली. तरी प्रत्येक वळणाआधी देवीभाईंची घंटा वाजायचीच. मी एकदा हसून विचारलं, “भाई, कुणासाठी वाजवता?” तर म्हणाले, “रस्ता रिकामा आहे हे आपण ठरवायचं नसतं, मास्तर. विचारायचं असतं.”

ते सरकारी देवी टोचणारे होते. खरं नाव वेगळंच होतं, पण कामशेतपासून काले गावापर्यंत कुणी ते घेतलेलं मी ऐकलं नाही. मुसलमान माणूस, आणि नाव पडलं देवीभाई. त्याचं त्यांना हसू येई. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. काल्याच्या अलीकडे एका वाडीत लोकल बोर्डाच्या शाळेवर नेमणूक झाली होती, आणि कामशेतला खोली घेऊन रोज सायकलनं जाऊन-येऊन करत होतो. दसरा झाला, पाऊस सरला की त्यांचा टोचण्याचा हंगाम सुरू होई, तो शिमग्यापर्यंत चाले. लसीच्या काचेच्या नळ्या पत्र्याच्या डबीत, डबी ओल्या फडक्यात, आणि फडकं हँडलला बांधलेलं. त्या हंगामात आम्ही रोज बरोबर निघायचो.

त्यांचा चेहरा देवीच्या व्रणांनी भरलेला होता. लहानपणी एकाच आठवड्यात घरात तिघं आजारी पडली, त्यातले हे एकटे वाचले. त्या चेहऱ्याला ते आपला सरकारी हुकूम म्हणत. पोरं लपवणाऱ्या बायांपुढे पाटलाला उभं करायचं त्यांना आवडत नसे. स्वतःच ओट्यावर बसून राहत. एकदा एका बाईनं पोराला रिकाम्या कणगीत दडवलं आणि सांगितलं, “पोर न्हाई घरात. मामाकडं गेलतं, तितंच हाय.” देवीभाई म्हणाले, “असू दे, मावशी. मी बसतो. भूक लागली की कणगी रडंल, मग टोचू.” ती बाई आधी गोरीमोरी झाली, मग पदर तोंडाला लावून हसत आत गेली आणि पोराला घेऊन आली. त्यांनी आधी सुई स्वतःच्या दंडावर कोरडीच ओढून दाखवली, मग पोराच्या. पोर रडलं, पण त्यांच्याच मांडीवर.

आमचा रस्ता सरळ नव्हता. चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं. देवीभाईंनी चढांना नावं दिली होती. बेडशाजवळचा पहिला चढ म्हणजे मामलेदार, कारण तो समोर आला की खाली उतरून उभं राहावंच लागतं. त्यापुढचा चढ म्हणजे सावत्र आई. दिसायला सौम्य, पण छातीत कळ आणणारा. तो संपला की लांबलचक उतार. तिथं पायडल न मारता नुसतं बसून राहायचं, आणि साखळीच्या टिकटिकीशिवाय कशाचाही आवाज नाही. त्या उताराला त्यांनी नाव दिलं नव्हतं. मी सुचवू लागलो तर म्हणाले, “सुखाला हाक मारू नये, थांबतं मग ते.”

दुसऱ्या हंगामात एका सकाळी रस्त्याच्या कडेला दुरुस्तीसाठी खडीचा ढीग टाकलेला होता. चांगला कमरेएवढा, आणि पुष्कळ लांबून दिसत होता. मी बाजूनं पुढे गेलो. मागे धाडकन आवाज झाला. वळून पाहिलं तर देवीभाई ढिगावर पालथे, सायकल त्यांच्या अंगावर, आणि एक हात लसीची डबी उराशी धरून. ऊन स्वच्छ पडलं होतं. धुकं नव्हतं, की वळण नव्हतं. मी त्यांना उठवलं, कोपराचं रक्त पुसलं, आणि आम्ही दोघं त्या खडीवरच बसलो.

“दिसत नाही का, भाई?”

“समोरचं दिसतं,” ते म्हणाले. “बांबूच्या नळीतून पाहावं तेवढं. पोराचा दंड दिसतो, सुईचं टोक दिसतं. कडेचं गेलं. पुण्याच्या डॉक्टरनं काचबिंदू म्हणून सांगितलं. नळी बारीक बारीक होत जाणार.”

“मग सायकल कशी चालवता?”

“पाय जड झाला की मामलेदार आला. तोंडावर सावली लागली की करंज आला. घंटा वाजवली की कुणी असलं तर खाकरतं, गुरं असली तर गुराखी ओरडतो. हा ढीग मुका निघाला.” मग म्हणाले, “मास्तर, वरच्यांना कळलं तर उद्या घरी बसवतील. घरी बसलो की मी आंधळा. रस्त्यावर आहे तोवर देवीभाई.”

मी कुणाला सांगितलं नाही. ते बरोबर केलं की चूक, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी कायम पुढे आणि ते मागे अशी रीत पडली. माझ्या मागच्या चाकाचं मडगार्ड सैल होतं आणि खडखड वाजायचं. दुकानात न्यायला निघालो तर त्यांनी अडवलं. “राहू द्या. तो आवाज माझ्या उपयोगाचा आहे.” तो सगळा हंगाम मी तसाच खडखडत गेलो आणि ते माझ्या आवाजामागे आले. खड्डा आला की मी “डावीकडं” म्हणायचो, गुरं आली की “थांबा”. संध्याकाळी शाळा सुटेपर्यंत ते शाळेच्या ओट्यावर वाट पाहत. पोरं त्यांच्याभोवती जमून दंडावरचे व्रण मोजून दाखवत.

वैशाखात माझी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात निवड झाल्याचा हुकूम आला. दोन वर्षं वाट पाहिली होती, पुन्हा संधी मिळेल याची खात्री नव्हती. देवीभाईंनी पाठीवर हात ठेवला. “हेडमास्तर होऊन या,” एवढंच म्हणाले. त्यांची मुलगी हमीदा मात्र संध्याकाळी माझ्या खोलीच्या दाराशी आली. ती विधवा होऊन वडिलांकडे परतलेली, सहसा कुणाशी बोलत नसे.

“अब्बांचा हा पुढचा हंगाम शेवटचा,” ती म्हणाली. “मग पेन्शन. तुम्ही एक वर्ष थांबाल का? त्यांना कळू देऊ नका मी विचारलं ते.”

“बघतो,” मी म्हणालो.

मी बघितलं काहीच नाही. ‘नाही’ म्हणायचं धैर्य नव्हतं म्हणून ‘बघतो’ म्हटलं, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात भल्या सकाळच्या गाडीनं पुण्याला निघून गेलो. त्यांच्या घरावरून जावं लागू नये म्हणून स्टेशनला मागच्या वाटेनं गेलो.

पौषात हमीदाचं कार्ड आलं. ‘वडील पडले आहेत. आपली आठवण काढतात. सवड झाल्यास यावे.’ सावत्र आईच्या पलीकडे, उताराच्या शेवटी, ओढ्यावर कठडा नसलेली एक मोरी आहे. तिथून ते सायकलसकट खाली ओढ्यात गेले होते. लाकडं घेऊन येणाऱ्या बायकांना दुपारी सापडले. मांडीचं हाड मोडलं होतं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या, पण आत पू धरला होता आणि ताप उतरत नव्हता.

मी रविवारी गेलो. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. चाहूल लागताच म्हणाले, “मास्तर का? या.” मग त्यांनी कॉलेजचं सगळं विचारून घेतलं. काय शिकवतात, जेवण कसं आहे, पोरांना न मारता शिकवायचं म्हणतात ते खरं का. मी उत्तरं देत गेलो, आणि एकदम तोंडातून निघून गेलं, “भाई, मी एक वर्ष थांबायला हवं होतं.”

मला वाटलं ते ‘छे छे’ म्हणतील.

“व्हय,” ते म्हणाले. “थांबला असता तर बरं झालं असतं. पण मी मागितलं नाही आणि तुम्ही दिलं नाही. दोघंही भिडस्त.” आणि चाचपडत माझा हात शोधून त्यांनी तो धरून ठेवला. निघेपर्यंत सोडला नाही.

माघात ते गेले. मला कळायला दोन दिवस लागले. पोहोचलो तेव्हा माती देऊन झाली होती. हमीदानं चहा दिला. दोष दिला नाही, तेच जड गेलं. मग म्हणाली, “दसऱ्यानंतर पहिले दोन दिवस अब्बा फाटकापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्या दिवशी निघताना म्हणाले, रस्ता पाठ आहे. मी म्हटलं, आज बाजारच्या गाड्या असतील. तर म्हणाले, त्या तर बोलतात.” पौषापर्यंत, रोज, ते एकटेच गेले होते.

ओळखीच्या दुकानदाराची सायकल मागून घेऊन मी त्या रस्त्यानं निघालो. दोन्ही चढ चढलो. उतार लागला. दुपारची वेळ होती, चिटपाखरू नव्हतं, रस्ता पांढरा आणि सरळ खाली मोरीपर्यंत दिसत होता. मी पायडल थांबवलं आणि डोळे मिटले. दहापर्यंत मोजायचं असं ठरवलं. वारा कानात शिरला. एक, दोन, तीन. चाक कुठं चाललंय ते कळेना. हँडल हातात असूनही ते माझं राहिलं नाही. चारला डोळे आपोआप उघडले. मी ब्रेक दाबला आणि पाय टेकला. मी रस्त्याच्या मधोमधच होतो.

पुन्हा बसायचा प्रयत्न केला. जमलं नाही. सायकल हातात धरून कामशेतपर्यंत चालत आलो.