सोमवारी शहाणी होणारी साखर

सोनपेठला आमच्या शेजारी राहणाऱ्या सुलाबाईंच्या पायाच्या अंगठ्याची जखम दिवाळीपासून भरत नव्हती. साखरेचा आजार जुना. परभणीचे डॉक्टर म्हणाले होते, "अशीच चिघळत राहिली, तर अंगठा काढावा लागेल." तेव्हापासून सुलाबाई त्या अंगठ्याला तान्ह्या लेकरासारखं जपत.

लेकानं काचेची नळी आणि निळं औषध आणून दिलं. त्यात लघवीचे थेंब टाकून उकळायचं. निळं राहिलं तर ठीक, विटकरी झालं तर साखर फार. सुनेनं ते घेऊन स्वयंपाकघरात पाऊल ठेवू दिलं नाही, म्हणून हा कारखाना गोठ्यात, स्पिरिटच्या दिव्यावर. रंग निघायचा विटकरीच.

डॉक्टरांना ते पटेना. दर महिन्याला एका सोमवारी ते रक्त तपासत, तेव्हा साखर ताब्यात असे. "मावशी, तपासणं माझं काम. घरी नळ्या तापवून जिवाला घोर लावून घेऊ नका."

"बरं साहेब," म्हणायचं आणि घरी येऊन दिवा पेटवायचा.

मग एका सोमवारी नामांतराच्या बंदमुळे एसटी सुटलीच नाही. गुरुवारी गाड्या सुरू झाल्या, तशी मी सुलाबाईंना घेऊन परभणी गाठली. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"एवढी साखर? काय खाल्लं?"

"रोजचंच. भाकर, वरण, गुळाचा चहा."

"मग सोमवारी कशी बरी येते?"

"सोमवारचा उपास असतोय की. अन् तुमच्याकडं यायचं म्हणून शनवारपासूनच चहा बंद, भाकर अर्धी."

"म्हणजे इतके महिने मला फसवायलात?"

"फसवू कशाला साहेब? पाव्हण्याकडं जाताना धुतलेलं लुगडं नेसतोच की आमी."

मी खिडकीकडं तोंड फिरवलं. डॉक्टरच आधी हसले. मग खुर्ची पुढं ओढून त्यांनी नळीचा रंग कधीपासून तसा येतो, ते नीट विचारून घेतलं आणि औषध वाढवलं. "गुळाचा चहा बंद, तो कायमचा. नळी मात्र चालू ठेवा. आणि माझ्याकडं येताना नटूनथटून येऊ नका."

नळीतला रंग हळूहळू हिरव्यावर आला. होळीच्या सुमारास अंगठ्यावर नवी कातडी धरली. डॉक्टरांनी दाबून पाहिलं आणि पट्टी काढून टाकली.

बाहेर मी रिक्षाला हात केला. सुलाबाईंनी तो खाली ओढला. "ऱ्हाऊ द्या वैनी. स्टँडपस्तोर चालतच जाऊ."