दुसरी क्लच प्लेट

जुनी गाडी घेतल्यापासून सहा महिन्यांत मी दोन क्लच प्लेटा जाळल्या. दोन्ही वेळा शिव्या मात्र औशाच्या गुरुजींना घातल्या, कारण गाडी त्यांनी विकली होती.

लातूरचे आमचे मिस्त्रीचाचा बॉनेट आधी उघडतच नाहीत. चष्मा पुसून शेजारी बसतात, "चला साहेब" म्हणतात आणि रस्ता सोडून चालवणाऱ्याच्या पायांकडे बघत राहतात. बोलणं कमी. गाडी चालवणारा चुकला की नुसते खोकतात. त्या दिवशी पहिल्या सिग्नलपर्यंतच त्यांना एवढा खोकला आला, की मी पाण्याची बाटली पुढं केली.

गॅरेजवर परतल्यावर मी गुरुजींना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि चाचांसमोर धरला. "सांगा चाचा, खराब माल माझ्या गळ्यात मारला का नाही!"

चाचांनी फोन हातात घेतला. आवाज एकदम अदबीचा.

"सलाम गुरुजी. गाडी लई बेस हाय तुमची. पण ह्यांचा डावा पाय क्लचवरून उठतच न्हाई. पाय ठेवायचा पाट समजून राहिले त्याला. अहो, विकताना गिऱ्हाईक तरी बघायचं होतं!"