आखूड पायांचे कोंबडे

अंधेरीच्या ऑफिसात माझं काम म्हणजे दिवसभर कोंबडे बघणं. जपानातल्या एका प्रयोगशाळेला तिथल्या देशी जातींचे ढीगभर फोटो तपासून हवे होते. तुरा कसा, पिसं काळी की तांबूस, शेपूट किती लांब, एवढं बघून खूण करायची. दुपारपर्यंत डोळे चुरचुरायचे आणि सगळे कोंबडे सारखेच दिसायला लागायचे.

मग त्या आखूड पायांच्या जातीचे फोटो आले. शेपूट ऐटीत उभं, पोट मात्र जवळजवळ जमिनीला टेकलेलं. शेजारची म्हणाली, "किती क्यूट आहे ना यार!" मी फोटोवर खूण केली. माझेही पाय खुर्चीवरून जमिनीला पोचत नाहीत, खाली स्टूल लागतं. नवराही माझ्यासारखाच बुटका. आमचं जमलंच त्यावरून.

फोटोंसोबत माहिती होती. पाय आखूड करणारा जनुक आई किंवा बाप, एकाकडूनच आला तर पिल्लू बुटकं होतं. दोघांकडून आला तर ते अंड्यातच मरतं. म्हणून तिथे बुटक्या कोंबड्याला लांब पायांची कोंबडी देतात. मी वाचलं आणि स्क्रीन बंद केली. मुलुंडच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला हेच समजावलं होतं. माणसातला जनुक वेगळा, हिशेब तोच. मला चौथा महिना सरत आला होता. बाळाला दोघांकडून आला असेल तर ते जगणार नव्हतं. गर्भजल तपासायला दिलं होतं. वाट बघून मी इतकी थकले होते की धड भीतीसुद्धा वाटेना.

निकाल कळला तेव्हा मी घाटकोपरला घरी कुकर लावत होते. एकाकडूनच आलाय. बाळ जगेल, आमच्यासारखं होईल. नवरा ओट्याला टेकून हसत सुटला.

मी गावी आईला फोन लावला. आमच्याकडे गावच्या राखणदार देवाला कोंबड्याचा नवस बोलतात. मागितलेलं मिळालं तरच तो फेडायचा. आईने माझ्यासाठी बोलून ठेवला होता. तिने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "मी सरळ हातापायांचा पोर मागितलेला गो. आता कोंबडो कसो देवचो?"

राग आला, पण भांडायचं त्राण नव्हतं.

"आई, तू सरळ मागितलंस," मी म्हटलं. "मी नुसतं जिवंत मागितलं होतं. दे तो कोंबडा, माझ्या नावाने दे."