चार हजार शहाण्णव

आज माझ्याच जुन्या कोडमध्ये चार हजार शहाण्णव हा आकडा दिसला आणि हात थांबला. एका कॉम्प्युटरच्या पोटात अनेक कॉम्प्युटर चालवणारं आमचं सॉफ्टवेअर आता नव्या चिपवर न्यायचंय. म्हणून महिनाभर कोडचे दोन फोल्डर करतोय. फक्त जुन्या चिपवर चालेल ते एकात, कुठेही चालेल ते दुसऱ्यात. हा आकडा असलेली फाइल मी डोळे झाकून ‘कुठेही’मध्ये टाकली होती.

“अरे, मेमरीचे तुकडे एवढ्या मापाचे पाडणं ही जुन्या चिपची सवय,” शेजारच्या टेबलावरची मेधा म्हणाली. “नवीचं माप वेगळंय.”

अकरा वर्षं एकाच चिपवर काढली, तिची सवय मला जगाचा नियम वाटत आली. साहेबांच्या केबिनचं दार वाजलं की माझी पाठ ताठ होते. रविवारी घरचं दार वाजलं तरी होते. त्याला मी स्वभाव म्हणत आलो.

“तू दुसरीकडे नोकरीसाठी अर्ज करणार होतास ना?” मेधाने विचारलं.

“हे वेगळं करून झालं की करतो.”

आकडा तेवढा उचलायला गेलो, तर बाकीच्या सगळ्या ओळी त्याच्यावरच टेकलेल्या. शेवटी अख्खी फाइल जुन्या चिपच्या फोल्डरात गेली. पहिल्या ओळीत, लिहिणाऱ्याचं नाव टाकायच्या आमच्या रिवाजाप्रमाणे, माझं नाव होतं.